फाटकाचा क्रूस

टेग्वेनच्या वडिलांच्या शेतात फाटकाला खांब म्हणून एक जुना दगड उभा होता. त्यावर गाठीगाठींच्या नक्षीचा क्रूस कोरलेला. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा आहे, असं लोक म्हणत. गाई त्याला अंग घासत आणि नक्षी झिजत चालली होती. वडील गेल्यावर टेग्वेननं पाद्रीबाबांना गाठलं, माणसं लावून दगड उपटला आणि चर्चमध्ये नेऊन बसवला. धाकटा भाऊ इद्वल तेव्हा मेंढ्या घेऊन बाजाराला गेला होता.

तो परतला, तर फाटकाशी नुसता खड्डा.

"मला न विचारता?" तो म्हणाला. "ठीक आहे. आता तू आणि तुझं चर्च."

त्यानंतर त्यानं बहिणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. आईला पुरतानाही दोघं कबरीच्या दोन बाजूंना उभी होती.

टेग्वेननं लग्न केलं नाही. चर्च झाडायचं, मऊ ब्रशनं दगडावरची धूळ काढायची, यातच ती म्हातारी झाली. प्रार्थनेला येणारी माणसं आटत गेली आणि शेवटी चर्च विकायला निघालं. दगड शहरातल्या संग्रहालयात जाणार, असं ठरलं.

तेव्हा मात्र ती मान खाली घालून शेतावर गेली. इद्वल मेंढीचे खूर कापत होता.

"या, बाईसाहेब! वाट चुकलात?"

"इद्वल, दगड आपल्या शेतातला आहे, आणि शेत आता तुझं आहे. तू मागितलास तर देतील ते परत. इथंच राहू दे रे. हवं तर पाया पडते तुझ्या."

त्यानं मेंढी सोडली, चाकू विजारीला पुसला.

"आले होते ते संग्रहालयवाले. मला विचारलं त्यांनी." 'विचारलं'वर त्यानं जोर दिला. "खुशाल न्या, म्हटलं."

"अरे, बाबांचा दगड तो!"

"हो का? तू उपटलास तेव्हा कुणाचा होता गं?"

ती आली तशी परत फिरली.

दगड काढताना त्याचा खालचा कोपरा फुटला. कामगारांनी तो तुकडा पोत्यात गुंडाळून ट्रकमध्ये टाकला. "सांभाळून रे," एवढंच ती म्हणाली. इद्वल तिकडे फिरकला नाही.

त्याच हिवाळ्यात तो गेला. तिला कळवायला कुणी आलं नाही. दुकानात पाव घेताना दोन बायका बोलत होत्या, त्यातून तिच्या कानावर आलं. पुरूनही झालं होतं.

तिनं पैसे दिले, पाव पिशवीत टाकला आणि घरी आली.