धुतलेलं आतडं

अनुजा मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं आणि सोनमचा जीव टांगणीला लागला. एम.फार्म.चा प्रबंध विद्यापीठात पोचवायचा आज शेवटचा दिवस. बारापर्यंत मार्गदर्शक म्हणून मॅडमची सही मिळाली तर ठीक, नाहीतर दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

मधुमेहाचं औषध पोटातून भराभरा पुढे सरकतं, म्हणून गोळी दिवसातून तीनदा घ्यावी लागते. सोनमनं ते मोहरीहून बारीक मण्यांत भरलं होतं. मणी आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थराला चिकटून बसायचे आणि दिवसभर थोडं थोडं औषध सोडायचे. पन्नासातले चाळीसच्या वर चिकटतात, असे तिचे आकडे होते. "फारच छान आकडे आहेत," मॅडम म्हणाल्या होत्या, "माझ्यासमोर एकदा करून दाखव." वर्गातल्या बाकीच्या अकरा जणांच्या आकड्यांवर त्यांनी न विचारता सह्या ठोकल्या होत्या. करून दाखवायचं, ते एकट्या सोनम कांबळेनं!

काचेच्या पट्टीवर बोकडाचं आतडं ताणून बसवलं होतं, त्यावर मोजून पन्नास मणी. यंत्र ती पट्टी कोमट पाण्यात खालीवर बुचकळत होतं. अर्ध्या तासानं मॅडमनी भिंगातून पाहिलं.

"सहा."

सोनमच्या पायाखालची जमीनच सरकली.

"मग वहीतले चव्वेचाळीस कुठून आले?" मॅडमचा आवाज शांत होता, आणि तोच जास्त बोचला.

सोनमनं आतड्यावर बोट फिरवलं. बुळबुळ नावालाही नव्हती. घाईत पट्टीवर ताणताना ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. एरवी ती आतडं दुकानातून थेट कॉलेजात आणायची. आज लवकर मिळालं म्हणून घरी ठेवून अंघोळीला गेली होती. तिनं व्हरांड्यात येऊन फोन लावला.

"आई, डब्यातल्या आतड्याला हात लावलास?"

"व्हय की!" मीनाबाईंचा आवाज खुशीत होता. "मीठ लावून गरम पाण्यात तीनदा घासलं, सुरीनं खरवडलं. एवढ्या मोठ्या मॅडम, त्यांच्या म्होरं तसलं न्यायचं व्हय? कांबळ्यांच्या घरातनं घाण आली, असं कुणी म्हणाय नको."

सोनमला ओरडायचं होतं, तरी "बरं केलंस," म्हणून तिनं फोन ठेवला.

"मॅडम, कसायानं घासून धुतलंय," आत येऊन ती म्हणाली. "थर निघून गेलाय. एक संधी द्या." आईचं नाव घ्यायची तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचाच भयंकर राग आला.

"बारापर्यंत," मॅडम म्हणाल्या. साडेदहा वाजले होते.

स्कूटी तिनं मंगळवार पेठेत अक्षरशः घुसवली. कसाई केरबा सुरीला धार लावत होता.

"मामा, आतडं!"

"सकाळीच खपलं की." मग त्यानं नुकत्याच कापून टांगलेल्या बोकडाकडं बघितलं. "थांब, ह्याचं काढतो." काढलं, आणि सवयीनं बादलीत बुडवायला गेला.

"धुवू नका!" सोनम अशी किंचाळली की गिऱ्हाइकं मागं सरली.

"आगं, घाण हाय त्यात."

"असू दे! तसंच पायजे!"

सव्वाअकराला यंत्र पुन्हा सुरू झालं. तिनं ते आतडं मिठाच्या पाण्यात हलक्या हातानं नुसतं खळबळलं होतं. अर्धा तास ती उभीच होती. बसायचं तिला सुचलंच नाही. मॅडमनी मणी मोजले. पुन्हा एकदा मोजले.

"बेचाळीस."

सोनम रडायच्या बेतात होती. मॅडमनी पेन उघडलं. "त्या कसायाचं नाव काय? फलकावर लिहून ठेवते. यापुढे आपल्या कॉलेजातलं कुणी त्याच्याकडून घेणार नाही."

पेन सहीच्या जागेवर टेकलं होतं. गप्प बसलं की काम फत्ते.

"मॅडम, कसायानं नाही धुतलं," सोनम म्हणाली. "मी खोटं बोलले. माझ्या आईनं धुतलं. आमच्या घरातनं घाण आली असं तुम्ही म्हणाल, म्हणून."

पेन थांबलं. मॅडमनी विचारलं, "मी तसं म्हणाले असते का गं?"

आज दुसऱ्यांदा खोटं बोलायचं सोनमच्या जिवावर आलं, म्हणून तिनं यंत्रातली पट्टी काढायला घेतली. मॅडमनी मान खाली घातली आणि सही केली.