लायलच्या दातांवरचं किटण

कॉरिन हॅस्केलला आपल्या वर्गातल्या मुली डोळ्यांसमोर नको असत, आणि हे ती लपवायची तसदीही घेत नसे. काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात दात स्वच्छ करण्याचा अभ्यासक्रम शिकायला आलेल्या त्या पोरी तिच्या मते नखं रंगवायला जन्मल्या होत्या, चुकून हातात दात खरवडायची हत्यारं आली होती. त्याच मजल्यावरच्या इतर वर्गांचीही ती अशीच वासलात लावी. एक्स-रे शिकणारे म्हणजे फोटोवाले. श्वसनाचे उपचार शिकणारे म्हणजे फुंकर घालणारे. नर्सिंगवाल्या तर भांडी उचलायलाच आल्या होत्या. आपण मात्र टायरवाल्याच्या घरात जन्मून वर आलो, असं ती सांगे. वर म्हणजे नेमकं कुठे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी परवान्याची परीक्षा असे, आणि तिचा एक नियम असा की पेशंट आपला आपण आणायचा. तोही साधासुधा नाही, घाणेरड्या तोंडाचा. हिरड्यांच्या खाली किटण घट्ट धरलेलं हवं. बाहेरून आलेले परीक्षक आधी तोंड तपासणार, किटण कमी पडलं तर पेशंट परत आणि विद्यार्थीही घरी. मग पुढच्या वर्षापर्यंत थांबा. कॉरिनला तर गावातल्या एकुलत्या एक मोठ्या दवाखान्यात जागा कबूल झाली होती, परवाना हातात येईल या अटीवर.

त्यामुळे हिवाळाभर सगळा वर्ग किटण शोधत हिंडत होता. टॅम्सिन नावाची एक गोरीगोमटी पोर बोलिंगच्या अड्ड्यावर जाऊन अनोळखी म्हाताऱ्यांना जोक सांगायची, ते हसले की आत डोकवायची. दुसरीने सख्ख्या काकाला ब्रश करायचा नाही म्हणून शपथ घातली होती. कॉरिन हे ऐकून नाक मुरडे. तिच्या घरातच खाण होती.

लायल तिचा धाकटा भाऊ. वडिलांच्या जागी टायरच्या दुकानात काम करायचा आणि जागेपणी गालात तंबाखू धरायचा. जीन्सच्या मागच्या खिशावर तंबाखूच्या डबीचा गोल कायमचा उमटलेला. शाळा सुटल्यापासून दाताच्या डॉक्टरचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. कॉरिनच्या लग्नात तिने फोटोग्राफरला सगळ्यांसमोर बजावलं होतं, "त्याला म्हणावं, तोंड मिटून उभा राहा. माझा अल्बम नासवू नकोस." लग्न टिकलं नाही, अल्बम कुठे गेला देव जाणे, पण लायल तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरायचा.

ती दुकानात गेली तेव्हा तो चाकाखाली आडवा होता.

"लायल, माझ्या परीक्षेला पेशंट हवाय. येशील?"

"मी?" तो बाहेर सरकला. "तुझ्या कॉलेजात? अगं, तिथे मला कोण आत घेईल?"

"मी घेईन. तोंड उघडून पडायचंय फक्त."

"मग काय करणार?"

"ते तुझ्या डोक्याच्या पलीकडचं आहे. ये म्हटलं की यायचं."

त्याला इतका आनंद झाला की हात पुसायच्या आधीच तोंडावर गेला आणि मिशीला वंगण लागलं.

फेब्रुवारीत तिने त्याला तपासणीसाठी कॉलेजच्या क्लिनिकमध्ये खुर्चीवर निजवलं. दिवा लावला, आरसा आत घातला, आणि हत्यार पहिल्याच दाढेला अडलं. कॉरिनच्या अंगावर सुखाचा काटा आला. तिने वर्गाला हाक मारली. पोरी गोळा झाल्या, एकमेकींच्या खांद्यावरून वाकल्या, आणि जत्रेत बक्षीस मिळालेलं डुक्कर बघावं तसं लायलचं तोंड बघू लागल्या.

"अगं बाई! खालच्या दातांना तर पूलच बांधलाय!"

"कॉरिन, कुठे सापडलं गं हे?"

"घरचंच आहे," कॉरिन म्हणाली. "वर्षानुवर्षं जपलंय."

हशा पिकला. लायलचं तोंड उघडंच होतं, हात चादरीखाली होते. तो छताकडे बघत राहिला.

क्लिनिकवर देखरेख करणाऱ्या ओबरहोल्ट्झर मॅडमनी नोंद तपासून मान डोलावली. "पेशंट उत्तम आहे. पण एक राखीव आणून ठेव. माणसाचा काय भरवसा."

"राखीव घाबरटांना लागतो, मॅडम," कॉरिन म्हणाली.

निघताना लायलने दाराशी विचारलं, "परीक्षेच्या दिवशी बाहेरचे लोक असतील का गं?"

"असतील. मोठमोठे डॉक्टर. तेव्हा अंघोळ करून ये, शर्ट बरा घाल, आणि कृपा करून चारचौघांत माझी शोभा करू नकोस."

त्यानंतर त्याचे दोनतीनदा फोन आले. तिने उचलले नाहीत. टायरवाल्याशी बोलायला वेळ कुणाला होता?

एप्रिलमधल्या परीक्षेच्या सकाळी सगळ्या पोरी आपापले किडके खजिने घेऊन ओळीत बसल्या होत्या. टॅम्सिनचा म्हातारा तर दोन राखीव म्हाताऱ्यांसकट आला होता. कॉरिनने तिकडे तुच्छतेने बघितलं, आणि तेवढ्यात लायल आला. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. खिशावरचा गोल होता, डबी नव्हती. तो हसला, आणि हात खालीच राहिला.

दात पांढरे होते. सगळे.

"हे काय केलंस?" ती खुर्चीवरून उठली.

"शहरात गेलो होतो, दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे. चार खेपा झाल्या. आई गं, काय दुखतं!" तो खुशीत होता. "तंबाखूपण सोडली. तुला सांगायला फोन केले होते, म्हटलं आता थेट दाखवू."

"अरे पण दात मी साफ करणार होते! परीक्षा त्याचीच होती!"

"म्हणून काय घाण तशीच आणायची? आईचा हात मोडला होता तेव्हा चर्चमधली बाई घर झाडायला यायची, आठवतं? ती यायच्या आधी आई एका हाताने सगळं झाडून ठेवायची. लाज असते माणसाला." त्याने शर्टाची कॉलर नीट केली. "त्या पोरी हसल्या ना त्या दिवशी. मला काय, मला सवय आहे. पण मोठे डॉक्टर म्हणतील, हा हिचा भाऊ. म्हटलं, तुझी मान खाली नको जायला."

कॉरिनला ओरडायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या जिभेवर एकही शब्द आला नाही, कारण जो येईल तो तिने आधीच कधीतरी त्याला ऐकवलेला होता.

परीक्षकांनी आरसा फिरवला, हिरड्यांखाली हत्यार सरकवलं, एकमेकांकडे बघितलं. "फार सुरेख काम आहे हे," त्यातला एक जण म्हणाला. "पण आमच्या उपयोगाचं नाही. पेशंट नामंजूर."

टॅम्सिनच्या राखीव म्हाताऱ्यांपैकी एक मागून घ्यावा, असं कॉरिनच्या मनात आलं. पण त्यासाठी टॅम्सिनला 'प्लीज' म्हणावं लागलं असतं. तो शब्द गिळून होईपर्यंत पेशंट दाखवायची वेळ संपून परीक्षेचं दार लागलं होतं.

बाहेर पार्किंगमध्ये लायल पिकअपला टेकून उभा होता.

"काय म्हणाले?"

"तुझ्या दातांत त्यांना काही सापडलं नाही."

"काहीच नाही?" त्याने टाळी वाजवली. "म्हणजे पास! मी म्हटलंच होतं!"

राखीव म्हाताऱ्यांना गाडीपर्यंत पोचवायला टॅम्सिन बाहेर आली होती. लायलने आपला फोन तिच्या हातात दिला. "पोरी, आमच्या दोघांचा एक फोटो काढ." मग त्याने कॉरिनच्या खांद्यावर हात टाकला आणि अक्कलदाढेपर्यंत दिसेल असा हसला.

टॅम्सिनला आत काय झालं ते ठाऊक होतं. ती फोन धरून तशीच उभी राहिली.

"हस की गं कॉरिन," लायल म्हणाला. "आता काय झालं?"

कॉरिन हसली, तोंड मिटून.