पिवळ्या खुणेची मादी

धाकटीने फळी वर उचलली. टाकीच्या कोपऱ्यातल्या काळ्या खोक्यातून लाल खुणेचा मासा सुसाट बाहेर आला आणि थेट खाद्यावर तुटून पडला.

"हा ठेवायचा," अण्णा खूश होऊन म्हणाले.

त्यांनी पत्र्याचा डबा टाकीच्या काठावर वाजवला. आवाजासरशी लाल खुणेचा पठ्ठ्या शेपूट हलवत परत खोक्यात. धाकटीने फळी टाकली, खोकं उचललं. जाळ्याने खवले निघतात म्हणून मासे गोळा करायची ही अण्णांची जुनी युक्ती.

पैदाशीसाठी मासे निवडायची ही तिसरी फेरी. पहिल्यांदा भूक नसेल, दुसऱ्यांदा पाणी गार असेल, अशी शंका काढत अण्णांनी तेच मासे पुन्हा खोक्यात घातले होते. माशांनी स्वभाव सोडला नाही. झटकन येणारे झटकन आले, रेंगाळणारे रेंगाळले. झटकन येतात ते खातात, वाढतात, म्हणून ते ठेवायचे. बाकीचे बाजारात.

शेवटी पिवळ्या खुणेची मादी. फळी वर गेली आणि काहीच झालं नाही.

"झालं हिचं सुरू. मी चहा घेऊन येतो."

"आज थांबा ना जरा."

अण्णा कुरकुरत स्टुलावर बसले. "अगदी तुझ्यासारखी आहे. शाळेत सोडलं की फाटकाला चिकटून उभी. थोरली कशी, मागे वळूनसुद्धा न बघता पळायची."

थोरली नोकरीसाठी दूर गेली तीही तशीच, एका दिवसात बॅग भरून. वर्षाच्या आत परत आली आणि आता पलीकडच्या गल्लीत राहत होती. तिचं कौतुक करताना तेवढं मात्र अण्णा गाळायचे.

धाकटीने फळीची दोरी खिळ्याला गुंडाळली. एक वाक्य ती कित्येक महिने मनात घोळवत होती.

"अण्णा, मी समुद्राकाठच्या त्या मत्स्यकेंद्रात कामाला जातेय. होकार कळवलाय."

अण्णांनी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"कधी?"

"सोमवारी."

"जा की. थोरलीसारखी येशील परत. तुला कुठे करमणार आमच्याशिवाय?"

धाकटीने पाण्याकडे बोट दाखवलं. खोक्याच्या तोंडाशी मादीचं नाक दिसत होतं. ती थांबली, थोडी सरकली, पुन्हा थांबली आणि मग पूर्ण बाहेर आली. भिंतीच्या कडेकडेने तिने सावकाश टाकीला फेरी घातली.

अण्णांनी डबा वाजवला.

मादी जागच्या जागी थबकली आणि पुढे पोहत गेली.

"ती नाही जायची आत," धाकटी म्हणाली. "एकदा बाहेर आली की आली. दर वेळी जाळ्यानेच धरावी लागते. तुम्ही तेव्हा चहाला गेलेले असता."

अण्णा उठून टाकीवर वाकले. तिने आत जावं असं त्यांना फार वाटत होतं. त्यांनी डबा पुन्हा वाजवला. मग आणखी जोरात.

धाकटीने जाळं उचललं.

"राहू दे," अण्णा म्हणाले आणि परत एकदा डबा वाजवला.