खुंटी आहे, बाई नाही

मित्रांनो, शेळ्यांच्या वाड्याच्या फटीत आडवी ठोकलेली मला बघून कुणी म्हणेल, ही काय सांगणार! पण मी एक जुनी पाळीची फळी आहे. माझ्यासमोर माणसं आली, गेली, खोटं बोलली, रडली, आणि मी सगळं भिंतीवरून बघितलं. आता शेळ्या मला अंग घासतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. शेळी जे करते ते उघड करते.

मी मूळची कडुनिंबाची. निजामाचा अंमल होता. लामावरून शिपाई परत येऊ लागले होते. दूरदेशीच्या त्या मोठ्या लढाईला आमच्याकडे सगळे लामच म्हणत. कुणाचा पाय नव्हता, कुणाचे डोळे नव्हते. बीडमध्ये एका पडक्या सराईत बारा खाटा टाकून त्यांच्यासाठी दवाखाना उघडला. सरकारनं एक डॉक्टर दिला, एक कंपाउंडर दिला, औषधाच्या बाटल्या दिल्या. पण शिपायाला भाकरी कुस्करून कोण भरवणार? अंग कोण पुसणार? त्यासाठी आसपासच्या वस्त्यांवरून सेवेकरी बोलावले आणि त्यांच्या पाळ्या लावायचं काम बद्रीनाथराव पेशकारांवर आलं.

पेशकार म्हणजे तहसिलीत साहेबांचे कागद सांभाळणारे. हे नुकतेच निवृत्त झालेले. कागदाशिवाय त्यांना करमत नसे आणि सेवेकऱ्यांना तर अक्षर येत नव्हतं. म्हणून त्यांनी आश्रुबा सुताराला बोलावलं. आश्रुबानं गिरमिटानं माझ्या अंगाला भोकं पाडली. एका खाटेची एक ओळ, आणि ओळीत तीन भोकं: सकाळची, दुपारची, तिन्हीसांजेची. प्रत्येक सेवेकऱ्याला एक खुंटी, खुंटीवर ज्याची त्याची खूण कोरलेली. रामहरीचा नांगर. मनकर्णाची फणी. साखराबाईचं मेंढीचं वाकडं शिंग. आलं की माझ्या शेजारी टांगलेल्या पिशवीतून आपली खुंटी काढायची आणि आपल्या खाटेच्या ओळीत खोचायची. तिन्हीसांजेची पाळी संपली की पेशकार सगळ्या खुंट्या उतरवत आणि वहीत हाजिर, गैरहाजिर लिहीत.

डॉक्टरांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "वा, पेशकार, ही तर बोलकी फळी." मी किती फुगले होते म्हणून सांगू!

पण मित्रांनो, या सेवेला एक फळ लागलेलं होतं. महिनाभर ज्याची खुंटी चुकली नाही, त्याच्या घराला पुढचा महिना वेठ माफ. वेठ म्हणजे साहेबाचा दौरा निघाला की हातातलं काम टाकून फुकट ओझी वाहायची, तंबू ठोकायचे, घोड्यांना पाणी दाखवायचं. न जाऊन कुणाला सांगता? म्हणून माफीचा वास लागताच सेवेकरी वाढले, आणि सेवेकरी वाढताच पेशकारांचा संशय वाढला.

तो अगदीच खोटा नव्हता. रामहरी सकाळी ऐटीत नांगर खोचायचा आणि मागच्या ओसरीवर घोरत पडायचा. पेशकार रिकाम्या भोकात ज्वारीचा दाणा घालून ठेवत. दाणा चिरडला असेल तर कुणीतरी पाळी टळून गेल्यावर मागाहून खुंटी खोचली, हे त्यांना कळे. मलाही ती सवय लागली. खुंटी खोचणारा इकडंतिकडं बघू लागला की मी मनात म्हणायची, का रे बाबा, कशाला घाबरलास?

चार नंबरच्या खाटेवर उत्तरेश्वर होता, सिरसाळ्याकडचा. तोफेच्या गोळ्यानं त्याचे दोन्ही डोळे नेले होते आणि हातांना पट्ट्या होत्या. त्याची सकाळची पाळी साखराबाईची. साखराबाई मेंढपाळाच्या घरची सून. नवरा मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ. घरी सासरा म्हाळू, गुडघ्यानं अधू. वेठीचा शिपाई दारात आला की नेणार कुणाला? म्हाळूलाच. म्हणून साखराबाई कोसभर चालत येई. तिची खुंटी तीन महिन्यांत एकदाही चुकली नव्हती.

मग एके सकाळी घास घेता घेता उत्तरेश्वर थांबला.

"आज हात दुसरा हाय," तो म्हणाला. "साखरामायच्या हाताला लोकरीचा वास येतो. ह्या हाताला चुलीचा येतोय."

"लई शहाणा हायेस," मनकर्णा हळूच म्हणाली. "गुमान खा. भाकर तीच हाय."

तो हसला. तक्रार त्याच्या मनातही नव्हती. पण दारात पेशकार उभे होते. त्यांनी मनकर्णाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या चौथ्या ओळीत मेंढीचं शिंग होतं. खुंटी आहे, बाई नाही!

त्यांनी वहीत एक बारीक टिंब दिलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. चार दिवस मनकर्णा दोन दोन खाटा सांभाळत होती आणि दोन खुंट्या लावत होती. पाचव्या दिवशी साखराबाई हजर. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग मनकर्णाची फणी लागलेली आणि मनकर्णा नाही, तिच्या खाटेपाशी साखराबाई. मग कुंभाराची सुंदरबाई. पेशकारांनी टिंबं जोडली आणि ओसरीवर रामहरीला गाठलं.

"ही टोळी आहे बे रामहरी," ते म्हणाले. "आळीपाळीनं घरी बसतात, एकमेकींच्या खुंट्या खोचतात आणि फुकट माफी खातात."

रामहरीनं जांभई दिली. "आसंल काहीतरी बायकांचं घरी."

"सगळ्यांच्याच घरी? आणि मोजून चारच दिवस? तुझ्यासारखा आळशी माणूस कधी चार दिवस दडी मारतो, कधी दहा. मोजून चार म्हणजे ठरवून केलेलं काम."

हिशोबाच्या दृष्टीनं त्यात काय खोट होती, सांगा बरं? आणि खरं सांगते मित्रांनो, मीही त्यांच्याच बाजूची झाले. साखराबाई खुंटी खोचायला आली की मला वाटे, हीच ती! कशी खाली मान घालून येते बघा.

महिना सरून नवा लागला. पहिलं टिंब तिचं, म्हणून पेशकारांनी सकाळीच साखराबाईच्या घराचं नाव माफीतून कमी करून कागद तहसिलीत धाडला. दुपारी सगळ्यांना माझ्यासमोर गोळा केलं. तिची खुंटी सर्वांदेखत उपसली आणि बोटांत धरून विचारलं, "मागच्या बुधवारपासून चार दिवस तू कुठं होतीस?"

"घरीच व्हते."

"का?"

साखराबाईनं पदर तोंडाशी नेला. बाकीच्या बायका जमिनीकडे बघू लागल्या. मनकर्णा पुढं झाली, "साहेब, मी केली ना तिची पाळी. उपाशी ऱ्हायला का कुणी?"

"मी ते विचारलं नाही. का आली नाही, ते विचारलं. आजारी होतीस?"

"न्हाई."

"सासरा आजारी होता?"

"न्हाई."

"मग चोरी नाही तर काय ही?"

तेवढ्यात मागून भिवराबाई उठली. ती सुईण. शिपायांच्या पट्ट्या धुवायला यायची. तिला कुणाचीच भीड नव्हती.

"पेशकारसाहेब, तुमच्या घरी सून हाय न्हवं?"

"आहे. तिचा इथं काय संबंध?"

"ती महिन्यातले किती दिवस ताट बाहेर घेती?"

पेशकारांनी वही उघडली, टिंबांवरून बोट फिरवलं आणि हळूच मिटली.

मित्रांनो, तेव्हाचा रिवाज असा, की महिन्याचे ते चार दिवस बाईनं चुलीला शिवायचं नाही आणि आजाऱ्याजवळ जायचं नाही. पेशकारांच्या स्वतःच्या घरात तो कडक पाळला जाई. सुनेला ओसरीच्या कोपऱ्यात बसलेली ते दर महिन्याला बघत. पण फळीवर पाळ्या लावताना खुंट्या मोजल्या, तीस दिवस मोजले आणि खुंटीमागची बाई मोजायची राहिली. आणि हे परपुरुषाला सांगावं कुणी? म्हणून बायकांनी आपसात तोड काढली होती. कुठलीही खाट कधी एक घासही उपाशी राहिली नव्हती.

सगळं कळलं खरं, पण कागद सकाळीच गेला होता.

"मग माज्या मामंजीचं काय?" साखराबाईनं पहिल्यांदा मान वर करून विचारलं.

उत्तर घटकाभरातच आलं. वस्तीवरचा माणूस सांगत आला, की साहेबाचा दौरा कपिलधारकडे निघाला, म्हाळूच्या डोक्यावर तंबूचे खांब देऊन त्याला नेलं. पेशकारांनी पागोटं घातलं आणि ते तहसिलीत धावले. तिथं कुणी ऐकेना. नाव पुन्हा घालायचं तर साहेबाची सही हवी, आणि साहेब दौऱ्यावर. मग ते तसेच भाड्याची बैलगाडी घेऊन दौऱ्याच्या मागे गेले.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. म्हाळू गाडीत आडवा होता, गुडघा कलिंगडासारखा सुजलेला. पेशकार गाडीमागून पायी आले. म्हाळू काही शिपाई नव्हता, त्यामुळे त्याला खाट मिळेना. डॉक्टरांनी माझ्या खालीच ओसरीवर घोंगडी अंथरायला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशकार आश्रुबाचं गिरमिट मागून घेऊन आले आणि त्यांनी माझ्या कडेला स्वतः एक भोक पाडलं. हात लिहिण्याचा, भोक वाकडं गेलं आणि मला एक चीर पडली. त्यांनी त्यात बिनखुणेची एक खुंटी खोचली, दुधात भाकरी कुस्करली आणि म्हाळूच्या उशाशी बसले.

म्हाळूनं त्यांच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "आता ह्येबी लिवनार का, साहेब?"

"नाही. तोंड उघड."

"हात धुतला का?"

"धुतला."

"मंग द्या."

साखराबाई चार नंबरच्या खाटेपाशी होती. तिनं मागं वळून बघितलं, पण ती पुढं आली नाही आणि हसलीही नाही. पेशकारांशी ती त्यानंतर वर्षभर गरजेपुरतंच बोलली. म्हाळू बरा झाला, पण काठीशिवाय पुन्हा कधी चालला नाही. पुढे शिपाई एकेक करून घरी गेले, सराई रिकामी झाली आणि सरपणाच्या ढिगातून मी या वाड्यात आले.

मित्रांनो, पाळ्या लावायला माझ्यासारखी फळी खुशाल ठेवा. तिला ओल लागू देऊ नका, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, ती पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. पण तिच्याकडून माणसांची पारख करून घेऊ नका. मी खुंट्या सांभाळत होते, एवढंच मला येत होतं. कुणी गैरहाजिर दिसला तर जरूर विचारा. आणि विचारूनही तो गप्प राहिला, तर त्याला चोर म्हणण्याआधी एवढं करा: तुम्ही बाजूला व्हा, आणि ज्याला तो सांगू शकेल अशा माणसाला विचारायला पाठवा.