अगे, काफी दे

"काप्पी वेणुम," कॉफी हवी, असं भुवनेश्वरीने चौथ्यांदा तमिळमध्ये गाऊन दाखवलं आणि सुंदररावांचा डावा हात टेबलावर हलकेच आपटला. ठेका बरोबर पडला. शब्द मात्र आला नाही.

पक्षाघाताने वाचा गेलेला माणूस कधी कधी बोलू शकत नाही, पण गाऊ शकतो, हे ती संगीतोपचाराच्या पदवीला पहिल्याच वर्षी शिकली होती. तिचे बाबा कुंभकोणभर नुसतं "बी.एस्सी." सांगत आणि पुढचं खोकल्यात गिळत. आता तिसरं वर्ष होतं आणि इस्पितळातल्या सरावाचा शेवटचा दिवस. महिनाभर गाऊन घसा कोरडा पडला, तरी सुंदरराव सभ्य पाहुण्यासारखे नुसते बघत राहायचे.

"पुरे गं बाळ," त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई तमिळमध्ये म्हणाल्या. "पन्नास वर्षं पहाटे पाचला कॉफी मागून छळलं यांनी. आता एकदा मागितली असती तर..." डोळे लपवायला त्या थर्मासकडे वळल्या आणि कॉफी हातावर सांडली.

"आई गे, पोळलें!"

"नळाखालीं धरा हात, बाई!" भुवनेश्वरी ओरडली.

मग दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या.

"तूं आमचीच की गे!"

"तुम्ही घरांत मराठी बोलतां?"

"मग काय बोलूं? उंबऱ्याबाहेर तमिळ."

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरांची ही रीत भुवनेश्वरीच्या घरीही होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा! पहिल्याच दिवशी नोंदवहीत भाषेच्या रकान्यात न विचारता 'तमिळ' लिहून ती मोकळी झाली होती. तिला स्वतःची लाज वाटली.

"हे काफी कशी मागत होते?"

मीनाक्षीबाई लाजल्या. "नांव थोडेंच घेत होते? 'अगे, काफी दे.'"

भुवनेश्वरीने ते दोन सुरांत बसवलं आणि सुंदररावांचा हात धरून ठेका दिला. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदा घशात काहीतरी घरघरलं. तिसऱ्यांदा घोगरं, तुटकं, पण सुरात आलं,

"अगे... काफी... दे."

भुवनेश्वरीला इतका आनंद झाला की नोंद करायचीच राहून गेली.

मीनाक्षीबाईंनी उरलेली कॉफी पेल्यात ओतली. पण पेला पुढे केला नाही. पोळलेला हात पदरात गुंडाळून, दुसऱ्या हाताने पेला उराशी धरून त्या म्हणाल्या,

"आणखी एकदां मागा की."