सगळ्यांत वरच्या फळीवरची पातेली

मी एक जुनी पितळी पातेली आहे. म्हापशाहून डिचोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अस्नोड्याच्या वळणाला कृष्णनाथची खाणावळ आहे. तिथल्या स्वयंपाकघरात सगळ्यांत वरच्या फळीवर माझा मुक्काम असे. मित्रांनो, वरच्या फळीवर बसणाऱ्याला सगळे मान देतात, पण हात कुणी लावत नाही. मान आणि सोबत सहसा एका घरात नांदत नाहीत, एवढं शहाणपण मला फार लवकर आलं.

माझा जन्म तांबटाच्या हातोडीखाली झाला. जन्मायच्या आधीपासून मार खायचा, असं माझं नशीब. ठोकून ठोकून अंगाला गोलाई आली, आतून कल्हईचा हात फिरला आणि मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चकचकत उभी राहिले. कृष्णनाथची बायको पद्मावती हिनं मला बोटानं तीनदा वाजवून पाहिलं आणि उचललं. तेव्हा तिचा एकुलता एक मुलगा सर्वेश मुंबईच्या गोदीत नोकरीला निघाला होता. पणजीच्या धक्क्यावरून आगबोटीनं जायचं, अख्खी रात्र पाण्यावर काढायची, या विचारानंच तिला झोप लागेना. ती मला घेऊन तडक शिरगावला लईराई देवीच्या देवळात गेली. पोर सुखरूप राहिलं तर दर वर्षी जत्रेला धोंड होऊन येईल, त्याच्या व्रताचं जेवण याच पातेलीत शिजेल आणि या पातेलीला मासळी कधी लागणार नाही, असं ती देवीपुढे बोलून आली.

धोंड म्हणजे पाच दिवस कडक व्रत पाळून जत्रेच्या पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालणारा भक्त. व्रतात त्याला शिवराक, म्हणजे मासळीचा स्पर्श नसलेलं जेवण लागतं. तेही सोवळ्यात रांधलेलं. व्रतात खोट राहिली तर निखारे ओळखतात, असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात.

तर अशी मी वर्षातून पाच दिवसांची मानकरीण. बाकीचे दिवस फळीवर. खाली चुलीवर मातीचं कुंडलं असायचं. त्यात रोज सकाळी हुमण, म्हणजे माशांची आमटी रटरटायची. कुंडलं काळंकुट्ट, काठाला टवका उडालेलं, पण सगळ्यांचा जीव त्याच्यावर. पाळी गावच्या खाणीवरचे ट्रकवाले, शाळामास्तर, पाववाला, सगळे त्याचंच नाव घेत आत शिरायचे. माझ्याकडे वर बघायचं ते फक्त मांजर. मला कुंडल्याचा हेवा वाटायचा, हे आता कबूल करते.

वैशाख लागला की मात्र माझे दिवस यायचे. आगबोट सकाळी पणजीला लागायची आणि दहाच्या सुमारास शिवदासची टॅक्सी आमच्या दारात थांबायची. आत डिचोलीकडची चार माणसं आणि पाचवा सर्वेश. पणजीचा रस्ता मी कधी पाहिलेला नाही, पण त्या माणसांच्या तोंडून तो मला पाठ झाला होता. धक्क्याबाहेर पावात घातलेली गरम मिरचीभजी. पर्वरीच्या चढावर टोपलीत लालपिवळे काजूचे बोंडू. गिरीच्या शेताकडेला शहाळी. म्हापशाला मानकुराद आंबे आणि थंडगार लिंबूसोडा. थिवीपासून पुढे पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या बायका. मांडवीवरचा पूल पडला त्यानंतर तर बेतीच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागे, आणि रांगेत उभ्या माणसांना भाजलेले शेंगदाणे विकणारेही आले. बोटीवर रात्रभर ओकून रिकामी झालेली ती माणसं घरापर्यंत खात खात यायची.

सर्वेश काही खायचा नाही. त्याचं व्रत मुंबईत बोटीवर चढतानाच सुरू झालेलं असे.

"धोंडांनू, वास तरी घेयात," शिवदास त्याला चिडवायचा.

"वास घेतलो तर पोट विचारतलें, मागीर किदें?" सर्वेश हसायचा. वास घेतला की पोट पुढचं मागणार, असं त्याचं म्हणणं.

मागल्या अंगणात फणसाखाली तीन दगडांची वेगळी चूल मांडलेली असायची. पद्मावती न्हाऊन, ओलेत्यानं मला चुलीवर चढवायची. माझ्यात मुगागाठी शिजायची. मोड आलेले मूग, ओल्या नारळाचं वाटण आणि वरून खोबरेल तेलाची फोडणी. इतक्या लांबून सगळ्या वासांना नाही म्हणत आलेला तो मुलगा माझ्यातलं पहिलं अन्न तोंडात घालायचा आणि डोळे मिटायचा. वर्षभराचा एकटेपणा त्या एका घासात वसूल व्हायचा.

मग ते वर्ष आलं. भाषेवरून तेव्हा बाकड्यांवर रोज खडाजंगी व्हायची. मराठीवाला आणि कोंकणीवाला एकमेकांकडे पाठ करून बसत आणि एकाच कुंडल्यातलं हुमण ओरपत. सर्वेश यायला पंधरा दिवस होते. पद्मावती पेडण्याला भावाकडे गेली होती. भर दुपारी खाणीवरच्या मजुरांनी भरलेले दोन ट्रक दारात थांबले, सगळी बेळगावकडची मंडळी, सकाळपासून उपाशी. आणि चुलीवर बांगड्याच्या हुमणासकट कुंडलं तडकलं.

कृष्णनाथ भांबावला. आमटी निखाऱ्यांत गळायला लागली. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, एक हात वर केला आणि मला खाली ओढलं. पुढच्या क्षणी ते लालभडक हुमण माझ्या पोटात होतं.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मी सुखावले. पहिल्यांदाच माझ्याभोवती गर्दी होती. हरी नावाचा एक मजूर पावाच्या तुकड्यानं माझा तळ पुसून घेत म्हणाला, "मामा, लई झकास झालंय बघा." असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

ट्रक गेल्यावर कृष्णनाथनं मला चिंच आणि राख लावून बोटं सोलेपर्यंत घासलं आणि परत फळीवर ठेवलं. शुक्रवारी नवी पातेली आणू, मग बायकोला सांगू, असं तो स्वतःशी पुटपुटला. एक शुक्रवार गेला, दुसराही गेला. पातेली आली नाही आणि सांगणंही झालं नाही. मला तोंड असून बोलता येत नव्हतं, आणि त्याला बोलता येत असून तोंड उघडत नव्हतं.

ठरल्या दिवशी दहा वाजता टॅक्सी आली. सर्वेश आंघोळ करून फणसाखाली पानावर बसला. पद्मावतीनं माझ्यातली मुगागाठी पानावर वाढली. कृष्णनाथ मागच्या दाराची चौकट धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे निखारे होते, हे मला दिसत होतं. न सांगावं तर पोरगं चार दिवसांनी पहाटे ते जेवण पोटात घेऊन आगीवरून चालणार. सांगावं तर बायकोच्या शब्दाला आपणच बट्टा लावला हे सगळ्यांसमोर यायचं. सर्वेशनं घास उचलला.

"सर्वेशा, राव. खाव नाका."

बापाच्या त्या 'थांब'नं घास हवेतच अडला.

"ह्या पातेलींत म्हज्या हातान बांगड्याचें हुमण पडलां. पंधरा दीस जाले. घासली हांवें, पुण सांगूक जाय."

पद्मावतीच्या हातातला डाव खाली आला. "तुमी म्हाका किद्याक सांगलें ना?"

"धीर जालो ना."

सर्वेशनं घास पानावर ठेवला, हात धुतले. "बरें जालें सांगलें," एवढंच म्हणाला आणि पाणी पिऊन उपाशीच शिरगावला निघाला.

जत्रेच्या दिवशी सकाळी शिवदास निरोप घेऊन आला. सर्वेश निखाऱ्यांवरून चालला होता, तळव्याला साधा फोडही नव्हता. पद्मावती पदरात तोंड लपवून रडली. पण नवऱ्याशी ती बोलली नाही. पुढच्या शुक्रवारी तिनं स्टीलचं नवं पातेलं आणलं आणि मला मागे सरपणाच्या ढिगावर पालथं घातलं. मी आता शिवराकही नव्हते आणि मासळीचीही नव्हते. त्याच महिन्यात गोवा राज्य झालं. बाहेर बाकड्यांवर लाडू वाटले, रेडिओ मोठ्यानं वाजत होता. मी पालथी पडून ऐकत होते. पालथ्या भांड्यात आवाज फार घुमतो.

आठवड्यानं कृष्णनाथनं मला उचललं, धुतलं आणि फणसाखालच्या दगडांवर ठेवून माझ्यात उकड्या तांदळाची पेज शिजवली. त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. दिवसभर तो लोकांसाठी मासळी रांधायचा, आणि स्वतः मागे येऊन माझ्यातली पेज लोणच्याशी खायचा. बांगड्यावर जीव टाकणाऱ्या त्या माणसानं मासळी सोडली होती. कुणाला सांगून नव्हे. पद्मावती पुढे जेवायची, तो मागे. दोघांच्या मध्ये एक दार होतं, ते उघडंच असायचं, पण ओलांडत कुणी नव्हतं. सर्वेश दोन वर्षं आला, स्टीलच्या पातेल्यातलं जेवला आणि गेला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

तिसऱ्या वर्षी आगबोट बंद झाली होती. सर्वेश बसनं येणार होता. पण पद्मावतीचे हात बोटीच्याच वेळेला सरावलेले. तिनं दहाच्या हिशेबानं मुगागाठी करून ठेवली. बस वाटेत बिघडली. सर्वेश पोचला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, आणि वैशाखाच्या उन्हानं मुगागाठी आंबून गेली होती. भिजवलेले मूग संपले होते. सर्वेशचे ओठ सुकले होते, उभं राहताना त्याचा तोल जात होता. मागे चुलीवर मी होते, नुकतीच शिजलेली पेज पोटात घेऊन.

"पेज आसा," कृष्णनाथ खालमानेनं म्हणाला. "पुण ती ह्या पातेलींत."

सर्वेशनं माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे.

"त्या दिसा उपरांत हातूंत नुस्तें शिजयलां?" नुस्तें म्हणजे मासळी.

"ना."

"आनी तुवें खालां?"

कृष्णनाथनं नाही म्हणून मान हलवली. उत्तर दारातून आलं. "एक दीस खावंक ना," रोज हे पाहत आलेली पद्मावती म्हणाली. "हांव पळयत आसां मगो. तीन वर्सां जालीं."

सर्वेश फणसाखाली मांडी घालून बसला.

"म्हजें व्रत पांच दिसांचें, आई. बाबाचें तीन वर्सांचें. वाड."

पद्मावतीनं तीन वर्षांनी ते दार ओलांडलं. नवऱ्याच्या हातातला डाव घेतला आणि माझ्यातली पेज आधी मुलाला वाढली, मग नवऱ्याला, मग स्वतःला. तिघं एका ओळीत बसले आणि माझा तळ पहिल्यांदा घरच्या माणसांनी पुसून घेतला.

मित्रांनो, आता मी वरच्या फळीवर नसते. खालच्या फळीवर, नव्या कुंडल्याच्या शेजारी असते, हाताला येईल अशी. माझं मागणं थोडं आहे. भांड्याला डाग पडला तर त्याला चिंच लावा, पालथं घालून विसरू नका. आणि कुणी आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली, तर त्याला मागच्या दारी एकट्याला जेवू देऊ नका. कृष्णनाथनं तीन वर्षं पेज खाल्ली, पण त्याला भूक कशाची होती ते मला ठाऊक आहे.