नावाड्याची दाढी

पहिलं हसू मागच्या रांगेतून आलं. पडद्यावर धुकं बाजूला सरलं होतं, तळ्याच्या काठाला होडी लागली होती आणि होडीतला म्हातारा नावाडी हळूहळू मान वर करत होता. वाद्यं थांबली होती. थिएटरने श्वास रोखून बसावं असाच तो क्षण बेतलेला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "कानाखाली डिंक दिसतोय बघ," आणि चार-पाच जण फिस्सकन हसले. ते हसू रांगा उतरत पुढे आलं.

मावशीने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. ती दाढी तिने केली होती.

मावशी म्हणजे कारखान्यातल्या सगळ्यांचीच मावशी. नाटक-सिनेमाला टोप, मिशा आणि दाढ्या पुरवणारा तो लहानसा कारखाना एका जुन्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होता, कारण या कामाला उजेड लागतो. लाकडी हनुवटीवर बारीक जाळी ताणायची, आकडीने एकेक केस जाळीच्या भोकातून ओढायचा, गाठ मारायची, की पुढचा केस. मोठ्या दाढीला महिना सहज लागायचा. मावशीला या कामात तिच्या थोरल्या बहिणीने, ताईने, आणलं. आकडी कशी धरायची हे ताईनेच शिकवलं आणि पहिल्याच आठवड्यात बजावलं, "आपलं काम चांगलं झालं तर त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढणार नाही. कुणी बोललं, की समजायचं बिघडलं."

त्या हिशेबाने मावशीची उभी हयात यशस्वी गेली होती. तिने राजे केले, भिकारी केले, एक देवही केला. कधी कुणी काही बोललं नाही. एकदा एक नट घाईघाईत तिची दाढी लावूनच घरी गेला, तर त्याच्या पोराने त्याला दारातून आत घेतलं नाही. ही गोष्ट ताई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. तेवढीच काय ती शाबासकी.

आणि आता सगळं थिएटर दाढीबद्दलच बोलत होतं.

या सिनेमाची तऱ्हा नवी आहे, असं पेपरात आलं होतं. एरवी सेकंदाला जितकी चित्रं डोळ्यांपुढून सरकतात, त्याच्या दुप्पट यात सरकतात. त्यामुळे सगळं लख्ख आणि सलग दिसतं, कुठे म्हणून पुसट होत नाही. हे कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. मावशीने दाढी नेहमीसारखीच केली होती. कडेची जाळी अगदी तलम, पण शेवटी जाळीच. आजवर कॅमेऱ्याने तेवढं पोटात घातलं होतं. हा कॅमेरा काहीच पोटात घालत नव्हता. राजवाड्याचे खांब रंगवलेल्या फळ्यांचे दिसत होते. राक्षसिणीच्या गालावरची पावडर दिसत होती.

"मावशी," शेजारून भाची कुजबुजली, "चष्मा काढ. मी काढलाय. जरा धूसर दिसलं की बरं वाटतं, सिनेमासारखं वाटतं."

भाची म्हणजे ताईची मुलगी. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मावशीने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. आता ती शाळेत भूमिती शिकवत होती, कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते, तरी मावशीच्या लेखी भिंगरीच. तिला या सिनेमाला मावशीनेच आणलं होतं, आणि त्यामागे एक बेत होता.

सिनेमा ज्या जाडजूड पुस्तकावर काढला होता, ते पुस्तक त्या तिघींचं होतं. ताई रात्री घरी एक प्रकरण वाचायची आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात आकडी चालवता चालवता सांगायची. भिंगरी टेबलाखाली केसांच्या कातरणात बसून ऐकायची आणि मावशी टेबलावरून. मावशीला तेव्हा अक्षर येत नव्हतं. नावाडी आपली गुडघ्यापर्यंतची दाढी पाण्यात सोडतो आणि मासे तिला तोंड लावून त्याला जगभरच्या बातम्या देतात, हे सगळ्यांचं लाडकं प्रकरण. एकदा ऐन वादळात होडी सापडलेली असताना ताईला ताप आला आणि नावाडी तळ्याच्या मधोमध आठवडाभर अडकून पडला. मावशीची तगमग झाली. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत किती दिवस बसायचं, असं म्हणून चाळिशी उलटल्यावर ती वाचायला शिकली. मग पुस्तक हातात घेतल्यावर तिच्या लक्षात आलं की ताई बरंचसं पदरचं घालायची. कारखान्याच्या मालकांची सायकल चोरीला गेल्याची बातमी ज्या माशाने दिली होती, तो मासा पुस्तकात कुठेच नव्हता.

ताईचे केस लवकर पांढरे झाले. कमरेखालपर्यंत लांब आणि शुभ्र, फक्त डाव्या कानामागे एक तांबूस बट शेवटपर्यंत तशीच राहिली. आजारपणात औषधाने केस जाणारच होते, म्हणून ताईने ते आधीच कापायला लावले. मावशीनेच कापले. ताईने वेणी हातात घेऊन तिचं वजन पाहिलं, जसं गिऱ्हाइकाने आणलेल्या मालाचं पाहायची, आणि म्हणाली, "माल चांगला आहे. ठेवून कुजवू नकोस. कुणाच्या तरी चेहऱ्यावर जाऊ दे."

ताई गेली. वेणी मावशीच्या कपाटात सुती कापडात गुंडाळून राहिली. तीन-चारदा चांगली कामं आली, पण हात धजावला नाही. नंतर एकदा भिंगरी आईचं कपाट आवरत असताना म्हणाली की आईची एक बटसुद्धा आपण ठेवली नाही, मला तेव्हा सुचलंच नाही. शब्द मावशीच्या ओठांवर आले होते. पण त्याच महिन्यात मालकांनी नावाड्याच्या दाढीचं काम तिच्या पुढ्यात टाकलं होतं, आणि तिने ठरवलं की आता नुसतं तोंडाने सांगायचं नाही, दाखवायचं. दूरच्या दृश्यांसाठी तिने याकच्या केसांच्या दोन दाढ्या केल्या. जवळून दिसणारी, खास दाढी तिने ताईच्या केसांची केली. मालकांनाही हे बोलली नाही. तांबूस बट डावीकडेच ठेवली.

अंधारात भिंगरीचा हात धरायचा आणि कानात सांगायचं, एवढाच तो बेत. दोन वर्षं तिने तो मनात घोळवला होता.

मध्यंतरात लोक चहाभोवती गोळा झाले. जो तो दुसऱ्याला आपले डोळे समजावून सांगत होता. एका बाईचं डोकं दुखत होतं. एका तरुणाला सिनेमा फारच आवडला होता. खिडकी उघडून पलीकडच्या जगात बघतोय असं वाटतं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्याचा मित्र म्हणत होता की पलीकडच्या जगात नाही, शेजाऱ्यांच्या घरात बघतोय असं वाटतं. एका म्हाताऱ्याने आपल्या मोतीबिंदूची हकिकत सुरू केली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर घराच्या भिंती किती कळकट आहेत ते. बायकोने विचारलं, मी कशी दिसते? "मी म्हटलं, भिंतींचं नंतर बघू, आधी पट्टी परत बांधा." सगळे हसले. मावशीही हसली, कारण भिंगरी तिच्याकडे बघत होती.

"दाढीचा दोष नाही गं," भिंगरी म्हणाली. "एवढ्या जवळून कुणी कुणाकडे बघतं का? तू मनाला लावून घेऊ नकोस."

"मी कुठे लावून घेतलंय," मावशी म्हणाली. चहा तसाच कपात राहिला.

तिचं ठरलं होतं. सांगायचं नाही. ज्या केसांवर सगळं थिएटर फिदीफिदी हसलं, ते तुझ्या आईचे, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा वेणी कपाटात कुजली असती तर परवडलं असतं.

उत्तरार्धात नावाड्याची शेवटची फेरी होती. होडी तळ्याच्या मध्यावर आली, म्हाताऱ्याने वल्हं ठेवून दिलं आणि दाढी पाण्यात सोडली, पण मासे आले नाहीत. मग त्याने ती बाहेर काढली, पिळली आणि मांडीवर पसरून वाळत ठेवली. वारा सुटला. पडदाभर दाढी होती.

मावशीने मान खाली घातली होती. कुणीतरी पुन्हा खुसखुसलं, म्हणून तिने वर पाहिलं, आणि ती बघतच राहिली.

इतर सिनेमांत वाऱ्यावर केस उडाले की त्यांचा पांढरा पट्टा होतो. इथे केस न् केस वेगळा होता. ओले केस आधी एकमेकांना चिकटून राहिले, मग टोकांकडून सुटत गेले, हलके झाले, एकेक करून उचलले गेले. सुटीच्या दिवशी न्हाऊन ताई गच्चीवर केस मोकळे सोडून बसायची, तेव्हा ते असेच टोकांकडून वाळत यायचे. तांबूस बट उडाली आणि पुन्हा डावीकडे येऊन बसली. ताई ती बोटाने कानामागे सारायची. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने ती सारली नाही, एवढंच. मावशीला त्या घटकेत जाळी दिसली नाही, डिंकही दिसला नाही.

दृश्य संपलं तरी ती तशीच बसून होती. शेजारी भिंगरी चष्मा मांडीवर ठेवून बसली होती, ते तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

बाहेर पडल्यावर दोघी बसथांब्यावर आल्या. अजून ऊन होतं. भिंगरी मावशीची समजूत घालायला बोलत सुटली होती. जुनीच पद्धत चांगली होती, थोडं झाकलेलं असावं, सगळंच उघडं केल्यावर गोष्ट राहते कुठे. "खरं सांगू? नावाडी आला की मी चष्माच काढून ठेवत होते. लोक हसत होते, मला बघवेना. मी त्याला नीट पाहिलंच नाही."

मावशीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. भिंगरीला तिने लहानपणी पुष्कळ गोष्टी अर्ध्यावर सोडून झोपवलं होतं. ही तशी सोडता येईना.

"ते केस ताईचे होते," ती म्हणाली.

भिंगरीला आधी कळलं नाही. मग तिच्या चेहऱ्यावरून सगळी समजूत, सगळी बडबड उतरली. बस आली. त्यांच्यापुढची माणसं चढली. वाहकाने दोघींकडे पाहिलं आणि घंटी दिली.

"सगळे?" भिंगरीने विचारलं.

"जवळून दिसते त्या दाढीतले सगळे. तिनेच सांगितलं होतं, कुणाच्या तरी चेहऱ्यावर जाऊ दे म्हणून. तुला दाखवायचं होतं, भिंगरे. पण लोक हसायला लागले."

"तांबूस बट?"

"डावीकडे आहे."

भिंगरी वळली आणि तरातरा थिएटरकडे चालू लागली. मावशी तिच्यामागे निघाली, पण तिला गाठता येईना. ती पोचेपर्यंत भिंगरी तिकिटाच्या खिडकीशी वाकून उभी होती. खिडकीतला माणूस सांगत होता, मागच्या जागा भरल्यात, पडद्याच्या अगदी पुढ्यातल्या दोन आहेत, तिथून मान दुखेल.

"द्या," भिंगरी म्हणाली.

पुढच्या रांगेतून पडदा आभाळासारखा वाटत होता. दिवे मालवले. धुकं आलं, सरलं. वाद्यं थांबली, होडी काठाला लागली, म्हाताऱ्याने मान वर केली. मागे कुठेतरी कुणीतरी काहीतरी बोललं आणि हसू रांगा उतरत खाली येऊ लागलं.

भिंगरीने मागे वळून पाहिलं नाही. तिने चष्मा काढला, रुमालाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या, उजेडाकडे धरून पाहिल्या, पुन्हा एकदा पुसल्या, आणि चष्मा डोळ्यांवर चढवून मान वर केली.